मोकळी तारीख

“काकू, सरक बाजूला. त्या दगडाखाली कुनी बी न्हाई,” राधाकिशन म्हणाला. मागं जेसीबी घरघरत होता.

माझी सासू सारजाबाई हलली नाही. मी शेजारच्या दगडावर नाव रंगवत होते, ब्रश हातातच राहिला.

राधाकिशन माझा चुलत दीर, दोनदा सरपंच झालेला. दिंद्रुडजवळचा आमचा सामाईक माळ त्याला सोलरवाल्यांच्या घशात घालायचा होता. पण माळाच्या मधोमध आमच्या मेंढपाळ घराण्याची मसणवट. बाभळी माजलेल्या, दगड कलंडलेले. थडगी असतील तर नावं आणि फोटो आणा, जागा वगळू, असं तहसीलमधून सांगितलं. तेव्हापासून आम्ही दोघी रोज तिथंच. सासू दगडावर हात ठेवून सांगायची, “ही तुळजाबाई, बाळंतपणात गेली. हा आप्पाराव, लई तापट.” मी दगड घासायची, नाव रंगवायची, मोबाइलवर फोटो काढायची.

ही सगळी आपल्याच घराण्याची माणसं, हे राधाकिशनला ठाऊक नव्हतं असं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच मेला.

आमच्यात मेंढरांमागं गेलेला माणूस वाटेत दगावला, तर त्याला तिथंच माती देतात. येताना तिथला एक दगड उचलायचा आणि आपल्या माणसांत आणून रोवायचा. माझे सासरे सिदू असेच नांदेडच्या पल्याड वारले. सासूनं त्यांचा दगड डोक्यावर वाहून आणला. राधाकिशननं नेमका तोच दगड हेरला. खाली काही निघणार नाही हे त्याला माहीत होतं. एक खोटा ठरला की सगळेच खोटे ठरवायचे, म्हणून तर पंचनाम्याला तलाठी सोबत आणला होता.

“खांद बे,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

दगड उपटला. कंबरेएवढा खड्डा झाला. आत नुसता मुरूम.

“बघा साहेब. दगडं रोवून जमीन अडवायचा धंदा हाय ह्यांचा.”

तलाठी माझ्याकडं संशयानं बघू लागला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर सासूनं हातानंच मला गप्प केलं. पदर खोचून ती खड्ड्यात उतरली आणि मांडी घालून बसली.

“काकू, काय नाटक लावलंय?”

“नाटक कावून? आपल्यात बसवूनच पुरत्यात. तुजा आजा बी असाच बसलाय, त्या लिंबाखाली. ह्यांना आणता आलं न्हाई, म्हणून जागा रिकामी ऱ्हायली. आता मी बसले. लोट माती.”

“बाहेर ये. लोकं बघत्यात.”

“बघू दे की. तू काय इकायला निघालास, ते त्यांना बी कळू दे.”

राधाकिशननं ड्रायव्हरला पुन्हा हात केला. ड्रायव्हर आष्टीकडचा, आमचा कुणी नाही. त्यानं मशीन बंद केलं, चपला केबिनमध्येच ठेवल्या आणि अनवाणी खाली उतरला.

“मावशी, माज्याच्यानं न्हाई व्हायचं,” तो म्हणाला.

राधाकिशन त्याला शिव्या देत राहिला. तलाठ्यानं मात्र मला सगळी रीत विचारली, मग खड्ड्याशी येऊन वाकला.

“आजी, या थडग्याला नाव कुणाचं लिहू?”

“ह्यांचं लिव्हा, सिदूचं. खाली माजं. तारीख तेवढी मोकळी ठेवा.”

त्याचं लिहून होईपर्यंत ती खड्ड्यातून उठली नाही.