वॉर्निंगमध्ये आलेलं नाव

वॉर्निंगमध्ये धाकट्याच्या कोडचं नाव आलं आणि झालं, सगळ्यांना चोर सापडला! कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा पाया. तो कुरकुरला की पडद्यावर ओळी ओततो, आणि सगळ्यात वर जे नाव दिसेल त्याच्या डोक्यावर खापर फोडून लोक चहाला जातात. वर असते ती गडबड लक्षात आल्याची जागा. केली कुणी, ते तिथे नसतं. हे टीममध्ये प्रत्येकाला पाठ होतं. पण गिऱ्हाइकाचा डेटा उडाला होता, साहेब तापले होते. धाकट्याला घरी बसवलं. आज संध्याकाळी त्याच्या नोकरीचा निकाल होता.

वहिनीला हे मुळीच पटलं नव्हतं. ती धाकट्याची सख्खी वहिनी. त्याचं ऐकून सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायचं, आणि तिच्या नवऱ्याला दादा. तिघं एकाच घरात आणि एकाच टीममध्ये, म्हणजे भांडायला वेगळी वेळ काढावी लागत नसे.

तीच गडबड पकडायला लॅबमधलं मशीन ती आठवडाभर मुद्दाम पाडत होती. कर्नल कोसळला की राखून ठेवलेल्या मेमरीतून एक छोटा कर्नल उठतो आणि मेलेल्याच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत डिस्कवर उतरवतो. तोच क्रॅश डम्प. इथे मात्र मशीन पडायचं, तोंड धुतल्यासारखं उठायचं, आणि डम्पचा पत्ता नाही. आज सकाळी तिने सेटिंग उघडलं, तर राखीव जागाच गायब.

“ही कुणी काढली?”

“मी,” दादा मान वर न करता म्हणाला. “नुसती पडून असते. मशीन जरा हलकं झालं.”

“अरे, आग लागल्यावर लागते ती बादली! रोज लागत नाही म्हणून फेकून द्यायची?”

तिने जागा परत राखली. पहिल्या वॉर्निंगलाच मशीनने थांबावं, पुढे रेटू नये, असं बसवलं. मेमरीचा कुठला तुकडा शेवटी कुणी सोडून मोकळा केला, याची नोंदही चालू केली. मग मशीनवर काम लादलं.

जेवायच्या सुट्टीत ते कोसळलं. छोटा कर्नल उठला, प्रत उतरू लागली. वहिनीने उघडलेला डबा तसाच मिटला.

डम्पमध्ये सगळं उघडं पडलं होतं. धाकट्याचा कोड मेमरीच्या ज्या जागेत लिहीत होता, ती आधीच कुणीतरी सोडून दिली होती. बिचारा बसायला गेला आणि खुर्ची मागून ओढली गेली. ओढणाऱ्याचं नाव दादाच्या कोडचं होतं.

दादा तिच्या पाठीमागे उभा होता. त्याने वाचलं. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं, आणि तेच तिच्या काळजात घुसलं.

“तुला माहीत होतं?”

“परवा कळलं.” तो दार लावून आला. “ऐक ना. तो एकटा आहे, त्याला नोकरी कुठेही मिळेल. माझ्यावर आलं तर घर कसं चालेल? मी त्याला सांगितलंय, कबूल कर, साहेब सौम्यपणे घेतील.”

“आणि त्याने केलं?”

“सकाळीच.”

वहिनी संतापली. तिने डम्पवरचा अहवाल साहेबांना पाठवून दिला. दादा “अगं थांब” म्हणेपर्यंत गेलासुद्धा. मग तिने धाकट्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“भाऊजी, न केलेली चूक कशाला कबूल केलीत?”

“नाही हो वहिनी, माझीच होती,” धाकटा थकल्या आवाजात हसला. “मला काही दिसत नव्हतं. दादाने दोन दिवस खपून माझा कोड वाचला आणि चूक दाखवली. मी काही उलटून तपासलं नाही. दादाने बघितलंय म्हटल्यावर काय तपासायचं? त्याला रागावू नका हं, माझ्यापायी आधीच दमलाय.”

वहिनीने फोन टेबलावरून दादापुढे सरकवला.

“तूच सांग त्याला.”

दादा फोनकडे बघत राहिला.

“हॅलो?” तिकडून धाकटा विचारत होता. “दादा आहे का तिथे? जेवला का तो?”