एकादशीला चवळी भाजणारा ओव्हन

मी एक जुना गोल ओव्हन आहे. माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका, मित्रांनो. मीसुद्धा तुमच्यावर ठेवणार नाही. माझं झाकण कुणी उघडलं की मला आधी त्या हाताचाच संशय येतो. हा हात घासायला आलाय, भाजायला आलाय की भंगारवाल्याला द्यायला, हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

एका पत्र्याच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर यंत्राचा दाब पडला आणि मी कढईसारखा खोलगट झालो. झाकणाच्या आत तारेचं वेटोळं बसवलं आणि वर मधोमध एक गोल काच लावली. लोक त्या काचेतून सारखे आत बघायचे. मला वाटायचं, ते पदार्थ बघताहेत. पुढं पुढं वाटायला लागलं की ते माझ्यावर पाळत ठेवताहेत.

माझं पहिलं घर औरंगपुऱ्यात होतं, लक्ष्मीबाईंचं. दिवाळी जवळ आली की गल्लीतल्या बाया तुपाचे डबे घेऊन त्यांच्याकडे नानकटाई शिकायला येत. "लक्ष्मीबाईंच्या ओव्हनची नानकटाई जिभेवर विरघळते," असं सगळ्या म्हणत. लक्ष्मीबाई शाकाहाराच्या एवढ्या पक्क्या, की अंडं माझ्या पोटात जाणं सोडाच, त्यांच्या उंबऱ्याच्या आतसुद्धा कधी आलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माझ्यावर हाच आळ आला.

मग त्यांच्याकडे काचेच्या दाराचा चौकोनी ओव्हन आला. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथं पाली राहत. त्यांच्यावरही माझा भरवसा नव्हता. फार वाईट दिवस होते ते. ज्या हातांनी माझं कौतुक केलं, ते हात महिनोन् महिने वर येत नाहीत, याचं दुःख पत्र्यालाही होतं.

लक्ष्मीबाईंच्या भाचीचं, रत्नमालेचं, लग्न झालं तेव्हा माझी सुटका झाली. रत्नमाला फुलंब्रीची. तिचा नवरा सोमनाथ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. मावशीनं दिलेली भेट म्हणून मी त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये पोचलो. दारातच मला सोमनाथच्या आई भेटल्या. आशाबाई. गळ्यात तुळशीची माळ, आणि नजर अशी की माझी काच तडकते की काय असं वाटलं.

त्यांनी झाकण उघडलं, वाकल्या आणि मला हुंगलं.

"ह्यात अंडं भाजलं व्हतं का?"

"नाही ओ आई. मावशी अंड्याला शिवतसुद्धा नाही."

"मावशी नसंल शिवत. पर तिच्या माघारी कुणी काय भाजलं, त्ये कुणाला ठावं?"

मग त्यांनी माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. चांगलं दोन्ही हातांनी शिंपडलं. ते वेटोळ्यात गेलं, वायरीत गेलं. संध्याकाळी रत्नमालेनं बटण दाबलं आणि सगळ्या घराची लाईट गेली.

अंधारात आशाबाईंचा आवाज आला, "बघा! सोसलं नाय त्याला."

त्या दिवसापासून मी गॅलरीत, कपड्यांच्या मशीनशेजारी राहू लागलो. वायर सोमनाथनं नवी घातली, पण माझ्यात भाजलेल्या कशालाही आशाबाईंनी हात लावला नाही. हळूहळू हा संशय रत्नमालेवरही पसरला. तिनं केलेल्या भाजीतही त्या आधी चमचा फिरवून बघत आणि मग ताटात घेत. सून रडत नसे, मुकाट्यानं गॅलरीत येऊन कपडे वाळत घाली. मला तिची दया येई. संशयही येई, कारण इतकं सोसणारं माणूस मनात काहीतरी शिजवत असणार, असं मला वाटे.

तशात आशाबाईंच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आणि उपासही बंद केले. भजी बंद झाल्याचं आशाबाईंनी कसंबसं गिळलं. उपास बंद म्हटल्यावर मात्र त्यांचं तोंड उतरलं. लग्नाआधीपासूनची एकादशी मोडायची म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. रत्नमाला तेव्हा दारात उभी होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी लगेच कान टवकारले.

त्यानंतर तिनं मला पुन्हा पुसायला घेतलं. तेलात न तळता चवळीच्या टिक्क्या भाजायच्या, असं तिच्या मनात होतं. पहिल्यांदा चवळीतलं पाणी नीट निथळलं नाही आणि सगळा लगदा माझ्या बुडाला चिकटला. सोमनाथनं तो चमच्यानं खरवडून खाल्ला आणि छान आहे म्हणाला. नवऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

मग एकादशी आली. आशाबाई आदल्या दिवशीच लेकीकडे, औरंगपुऱ्याला गेल्या होत्या. शुक्रवारी सोमनाथ चहा पिऊन कामावर गेला. त्याचं जेवण कँटीनमध्ये. रत्नमालेनं मात्र त्यानंतर दिवसभर गॅस पेटवला नाही, फळाला हात लावला नाही. नुसतं पाणी पीत होती आणि दुपारी फरशीवर पडून राहिली. ही जेवत का नाही? सासू नसताना घरात ही कसली भानगड? मला काही कळेना. संध्याकाळी तिनं चवळी भिजत घातली.

शनिवारी सकाळीही ती जेवली नाही. "आई आल्या की सोबतच बारस सोडीन," असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. चवळी मऊ शिजवून तिनं निथळली आणि स्वच्छ कापडावर पसरून कोरडी केली. थोडी ठेचली, थोडे दाणे तसेच ठेवले. हिरवी मिरची, आलं, जिरं, कोथिंबीर, लिंबू, आणि बांधायला मूठभर ज्वारीचं पीठ. चपट्या टिक्क्या थापून वर तीळ दाबले, तेलाचं बोट फिरवलं आणि माझ्यात ठेवल्या. माझं वेटोळं लाल झालं. तीळ तडतडले. एक बाजू खरपूस झाली तशी तिनं त्या उलटल्या. खरं सांगतो, नानकटाईच्या दिवसांनंतर मला इतका आनंद झाला नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. आशाबाई आल्या, सोबत त्यांच्या भजनातल्या पारूबाई. दोघी उंबऱ्यातच थांबल्या.

"कशाचा वास ह्यो?"

"चवळीच्या टिक्क्या, आई. तुमच्यासाठी. तळलेल्या नाहीत."

आशाबाईंनी पिशवी खाली टाकली. "आज एकादशी हाय!"

रत्नमाला पांढरीफटक पडली. "एकादशी काल होती ना?"

मित्रांनो, पंचांगात कधी कधी एकादशी दोन दिवस लागून येते. पहिली स्मार्त, दुसरी भागवत. रत्नमालेच्या माहेरी पहिली धरतात. माळकऱ्यांच्या घरात दुसरी. भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन्ही छापलेल्या होत्या. तिनं शुक्रवारचा चौकोन वाचला होता, शनिवारचा वाचलाच नव्हता.

"मला न इचारता?" आशाबाईंचा आवाज चढला. "पारूबाई, बघा! डॉक्टर नको म्हनला तरी मी आज उपास धरला, अन् हिनं मुद्दाम कडधान्य भाजलं. त्येबी त्या बाटलेल्या भांड्यात! माझा नेम मोडायचा व्हता हिला."

"आशाबाई, लेकरू हाय. चुकलं असंल," पारूबाई म्हणाल्या.

"चुकलं नाय. काल माझ्या माघारी काय काय खाल्लं, त्ये बी बघते!"

आणि त्यांनी झडती सुरू केली. भगरीचा डबा उघडला. जसा ठेवला होता तसा होता. साबुदाण्याच्या डब्याचं झाकणही सरकलेलं नव्हतं. केळी होती तेवढीच. दुधावर सायीचा जाड थर तसाच. भाकरीचा तवा कोरडा. एकेक डबा उघडताना त्यांचे हात मंद होत गेले. शेवटी त्या वळल्या.

"काल काय खाल्लंस तू?"

"काही नाही."

"आन् आज?"

रत्नमालेनं नकारार्थी मान हलवली.

"का गं?"

"डॉक्टरांनी तुमचे उपास बंद केले, तुम्हाला लई वाईट वाटलं होतं. म्हणून तुमची एकादशी मी धरली, तुमच्या नावानं, नुसत्या पाण्यावर. पण चुकीच्या दिवशी धरली, आई." मग तिनं डोळ्यांना पदर लावला. "राहू द्या. आजचीही धरते."

पारूबाईंनी नाक पुसलं. मला माझीच लाज वाटली, कारण मीही तिच्यावर संशय घेतला होता.

आशाबाई तरातरा गॅलरीत आल्या. मला वाटलं, संपलं, आता मी भंगारात. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि गरम टिक्की सरळ बोटांनीच उचलली. बोटं भाजली असणार. टिक्की मोडून, फुंकर घालून त्या सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"तोंड उघड."

"आई, आज एकादशी..."

"माझी हाय एकादशी. तुझी कालच झाली, अन् देवाला पोचली. खा!"

आणि माळकरी आशाबाईंनी, भर एकादशीला, माझ्यात भाजलेली चवळी आपल्या हातानं सुनेला भरवली. पारूबाईंनी आशाबाईंनाही दटावून दूध, केळं आणि गोळी घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी बारस सोडताना उरलेल्या टिक्क्या त्यांनी स्वतः माझ्यात गरम केल्या. खाल्ल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." मग आणखी एक घेतली.

मित्रांनो, मी आता स्वयंपाकघरात असतो. जुन्या वस्तूंना जपा. त्यांच्या वायरी कोरड्या ठेवा, वापर झाला की पुसून ठेवा. घरात जुनी वस्तू किंवा नवं माणूस आलं तर खुशाल पारखून घ्या, माझी हरकत नाही. माझाही स्वभाव तोच आहे. पण त्या माणसाला "जेवलीस का?" एवढं आधी विचारा. आशाबाईंना ते विचारायला घरातले सगळे डबे उघडावे लागले, आणि तोवर ते लेकरू दोन दिवसांचं उपाशी उभं होतं.