माझा हिरवा दिवा आणि धुळामामांचा हात

“सर, ह्याला वायर न्हाई, मग ह्ये बोलतंय कशावर?”

हा प्रश्न विचारायची पैज लागली होती. मैत्रीण प्रियंका म्हणाली होती, “सांगलीच्या सरांना सगळ्यांदेखत विचारलंस तर पावशेर बोरं माझ्याकडनं. न्हाई विचारलंस तर भित्री भागूबाई!” आणि स्वप्नाने विचारलं. तेही खणखणीत आवाजात, दोन्ही वेण्या मागे टाकून.

मित्रांनो, त्या प्रश्नातलं ‘ह्ये’ म्हणजे मी. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं एक बिनतारी कार्ड. तळहाताएवढा हिरवा पत्रा, खाली सोनेरी दातांची रांग आणि कडेला मुगाच्या डाळीएवढा एक दिवा. आज मी स्वप्नाच्या कंपासपेटीत कर्कटक आणि अर्ध्या खोडरबराच्या मधे पडून आहे. पण एके काळी माझाही थाट होता. एक दिवसाचा का असेना, होता!

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला धड सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा मी चंदेरी पिशवीत होतो. पुढे सांगलीच्या एका दुकानात आलो आणि नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या अमृत सरांच्या मांडीवर बसून एस.टी.ने कुंडलकडे निघालो. कुंडलच्या अलीकडच्या गावात द्राक्ष बागायतदारांची संस्था होती. तिचं ऑफिस गावात आणि द्राक्षं ठेवायचं शीतगृह दोन किलोमीटरवर, माळावर. मधला टेलिफोन महिन्यातून वीस दिवस मुका. शीतगृहातला गारवा कमी झाला तरी गावात कळायचं ते पेट्या पाझरायला लागल्यावर. म्हणून दोन्हीकडच्या कॉम्प्युटरात आम्हा दोन भावांना बसवायचं ठरलं. तो माळावर, मी गावात. वाऱ्यावरून आमच्या गप्पा होणार होत्या.

स्वप्ना संस्थेच्या सचिवांची, भाऊसो आप्पांची मुलगी. नववीत शिकणारी. मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे सांगलीला राहून तिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तेव्हापासून गावात माउस हातात धरता येणारी ती एकटीच. त्यामुळे चालताना तिची मान थोडी वर असायची. असू दे की! मला तर तशीच मुलं आवडतात.

सरांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि मला हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवलं.

“असं का सर?” स्वप्नाची प्रश्नांची भीड आता पार चेपली होती.

“आपल्या अंगात बारीकशी वीज असते. ती आधी उतरवायची. नाहीतर कार्ड मरतं.”

तिनेही बोट टेकवलं. एकदा नाही, तीनदा. मग सरांनी मला खाचेत दाबून बसवलं, स्क्रू आवळला आणि पाठीमागून काळी केबल जोडली. ती केबल भिंतीवरून स्लॅबवर जाऊन वीस फुटी पाइपच्या टोकाला असलेल्या अँटेनाला मिळाली होती. इमारतीच्या मागून विजेची मोठी लाइन गेली होती. सरांनी पाइप क्लॅम्पमध्ये घट्ट आवळला आणि खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, “तोंड माळाकडं बरोबर लावलंय. आता पाइपला कुणी हात लावायचा नाही.”

मग घड्याळ बघून ते स्वप्नाला म्हणाले, “मी माळावरचं बघायला जातो. तू ही सीडी घाल. ते एकेक विचारत जाईल, तू ‘होय’ दाबत जा. शेवटी विचारेल, बंद करून परत चालू करू का? तिथंही ‘होय’. त्याशिवाय कार्ड जागं होत नाही. जमेल?”

“जमंल की! त्यात काय!”

दारातून प्रियंकाने बोरांची पुडी हलवून दाखवली.

सर मोटारसायकलवरून गेले. तेवढ्यात संस्थेचे चेअरमन लालासाहेब उद्घाटनाला अर्धा तास आधीच हजर झाले. मग काय, एकच धांदल! कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला, उदबत्त्या पेटल्या. स्वप्नाने कडेकडेने सीडी घातली आणि माझी माहिती कॉम्प्युटरच्या डोक्यात उतरायला लागली. लालासाहेबांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. टाळ्या पडल्या. आणि त्याच घटकेला पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. बंद करून परत चालू करू का?

स्वप्नाने बाण ‘होय’वर नेला.

“थांब! काय करतीस?” आप्पा तिच्या पाठीशी उभे होते.

“एकदा बंद करून चालू करायला लागतंय, आप्पा.”

“आत्ता नारळ फुटलाय. कुकू वलं हाय अजून, आन् तू बंद करतीस? नव्या दुकानाचं शटर उघडल्याबरोबर खाली वढतंय का कोन?”

लालासाहेब हसून म्हणाले, “ऱ्हाऊ दे पोरी. चालू झालंय ते चालू ऱ्हाऊ दे.”

मित्रांनो, सकाळी सगळ्यांदेखत प्रश्न विचारणारी हीच मुलगी. तिला माहीत होतं. सरांनी मराठीत, अगदी सोपं करून सांगितलं होतं. पण हार, उदबत्त्या, चेअरमन, आप्पांचा आवाज... तिने ‘नाही’ दाबलं. आणि मी खाचेत झोपूनच राहिलो.

पुढचं सगळं त्या एका टिचकीतून आलं.

माळावरचा कॉम्प्युटर पडद्यावर काही दिसेना. चहा झाला, पेढे झाले, लालासाहेबांनी पायावरचा पाय बदलला. “काय भाऊसो, शीतगृह गावलं न्हाई व्हय अजून? मला लोणंदला जायाचंय.”

आप्पांच्या कपाळावर घाम. “आन्टेना फिरला असंल, साहेब.”

आणि सगळ्यांना ते पटलं! कारण गावात ज्याच्या घरी टीव्ही, त्याला हे माहीत होतं. चित्र गेलं की एकाने छपरावर जायचं, पाइप फिरवायचा, एकाने अंगणात उभं राहायचं आणि एकाने टीव्हीसमोर. “आलं का?” “न्हाई!” “आता?” “मुंग्या दिसत्यात!” असं करत करत चित्र येतं. मग इथेही तसंच असणार. मी टीव्ही नाही, हे कुणाच्या ध्यानात यावं?

“धुळा, चढ रं वर!” आप्पांनी हाक मारली.

धुळामामा संस्थेचे शिपाई. शाळेच्या पोरींना बागेतले गळालेले द्राक्षमणी ओंजळ भरून देणारे. ते म्हणाले, “हात लावू नका म्हणालेत की सर.”

“सर गेलं माळावर. चेअरमन साहेब खोळंबल्यात. चढ म्हनतो तर!”

ते चढले.

“आलं का?” स्लॅबवरून आवाज आला.

“आलं का?” अंगणातून प्रियंकाने पुढे दिला.

“न्हाई!” स्वप्ना पडद्याकडे बघत ओरडली.

“आता आलं का?”

“न्हाई! अजून फिरवा!”

मग मामांनी क्लॅम्पचे नट सैल केले. मी पत्र्याच्या पेटीत होतो, मला दिसलं काहीच नाही. फक्त एक आवाज झाला, ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा. पडदा काळा झाला. अंगणात प्रियंकाची किंकाळी, आणि पुढे बराच वेळ माणसं नुसती पळत होती. सैल झालेला पाइप मागच्या लाइनवर कलंडला होता. मामांच्या उजव्या मुठीत तो होताच.

केबल वरच्या वर तुटली, म्हणून मी वाचलो.

चार वाजता वीज आली. कुणीतरी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो सुरू झाला, आणि माझा हिरवा दिवा लागला. हार अजून तसाच होता. अमृत सर दारात उभे होते. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग स्वप्नाकडे, आणि अगदी हळू विचारलं, “सकाळी बंद करून चालू केलं नव्हतंस?”

आणि मित्रांनो, मी उजळत राहिलो. दुसरं काय करणार? मला लाज वाटत होती त्या उजेडाची.

मिरजेच्या दवाखान्यात मामांचा उजवा हात कोपरापासून काढला. संस्थेत माझं नाव अपशकुनी पडलं. “आधी ते भाईर काढा,” लालासाहेब म्हणाले. आप्पांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं आणि पोटमाळ्यावर टाकलं. तिथून स्वप्नाने मला कंपासपेटीत घेतलं.

पंधरा दिवसांनी मामा घरी आले. पुढच्या सोमवारी वीज कार्यालयाचे साहेब चौकशीला येणार होते. त्यांच्यासाठी एक कागद तयार झाला. शब्द लालासाहेबांचे, अक्षर आप्पांचं. ‘शिपाई धुळा हे कोणाच्याही सांगण्याशिवाय, आपण होऊन वर चढले.’ हा कागद खरा ठरला तर मामांची नोकरी जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यात पारावर कुणी म्हणत होतं, प्यालेला असंल. जो माणूस चहासुद्धा अर्धी बशी पितो, तो!

शनिवारी शाळा सुटल्यावर स्वप्ना मामांच्या घरी गेली. मी दप्तरात होतो. मामांच्या बायकोने, बयाबाईंनी, दार उघडलं पण ‘ये’ म्हटलं नाही. आतून मामाच बोलले, “स्वप्ना व्हय? ये गं. बघ, टाळ्या वाजवायची कटकट मिटली आता.”

कुणीच हसलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“एक इचारू का?” मामा म्हणाले. “शेवटाला पाइप पार माळाकडं वळिवला हुता मी. तवा आलं का गं आत?”

दप्तराचा बंद तिने इतका आवळला की माझी कंपासपेटी करकरली. “येते मामा,” म्हणून ती बाहेर पडली. वाटेत प्रियंकाने बोरं पुढे केली, ती तिने घेतली नाहीत.

मित्रांनो, वस्तूंनी आपली कहाणी सांगताना शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणायचं असतं. मी तसं म्हणणार नाही. माझ्यासाठी सरांनी अंगातली वीज उतरवली होती, एका पोरीने तीनदा बोट टेकवलं होतं. वर चढणाऱ्या माणसासाठी मात्र कुणी मान वर करून तार बघितली नाही. नारळाचा मान राखला, चेअरमनचा वेळ राखला. मी बिघडलो तर सांगलीच्या दुकानात दुसरा मिळाला असता. तुम्ही आधी माणसाला जपा, आणि यंत्र काही विचारत असेल तर हार बाजूला सारून ते वाचा.

काल रविवार होता. आप्पा जेवायला बसले होते, आई भाकरी वाढत होती. कोनाड्यात तो कागद घडी घालून ठेवलेला. स्वप्ना आली आणि तिने मला आप्पांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“ह्ये का आणलंस हितं?” आप्पांचा घास हातातच राहिला.

तिची मान वर होती.

“आई, आप्पा, माझं ठरलंय. उद्या सायेब आलं की मी शाळंला न जाता संस्थेत येनार. आन्टेनाला काय झालं नव्हतं, ‘नाही’ मी दाबलं आन् मामांना वर तुमी चढिवलं, ह्ये समदं मी सांगनार हाय. तुमी मारा, घरात घेऊ नका, तरी सांगनार. पर त्याच्या आधी आत्ता मामांकडं चाललीया. आलं का म्हणून त्यांनी इचारलंय, आन् त्यांना अजून कुनी सांगितलं न्हाई.”