तात्यारावांची डावी दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. तात्यारावांच्या वरच्या जबड्यात डावीकडे माझं घर. ते सहा वर्षांचे असताना, महूच्या फौजी क्वार्टरमध्ये, मी हिरडीतून डोकं बाहेर काढलं. घरच्यांना वाटलं, दुधाचा दात आहे, पडेल. मी पडले नाही. पडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

बासष्ट वर्षं मी राबले. पलटणीतले कडक शंकरपाळे, इंदूरची शेव, भाजलेले भुट्टे, सगळं मी निमूट चावलं. तात्याराव बूट घासावेत तसा ब्रश मारत, पण माझ्या आणि शेजारच्या दाढेमधल्या फटीत तो कधी पोचलाच नाही. उजवीकडच्या दाढा एकेक करून उपटल्या गेल्या. शेजारणीचं पोट जुन्या चांदीने भरलेलं. सगळा भार माझ्यावर, आणि त्यात फटीतली कीड एक दिवस थेट माझ्या नसेपर्यंत पोचली. मी ठणकू लागले.

तात्यारावांनी लवंग दाबली आणि पेपर वाचत बसले. आठ दिवस! डॉक्टरसमोर दुखणं सांगणारा शिपाई कामचोर, असं ते पलटणीत शिकले होते. बाकी कवायत विसरले, हे मात्र पक्कं ध्यानात. शेवटी गाल सुजला, तेव्हा त्यांची नात दीक्षा त्यांना इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या घरून तुकोगंजच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर प्रणव नाशिकहून इथे आलेले, शांत माणूस. एक्स-रे बघून ते म्हणाले, "दोन दाढांवर संशय आहे. मी हळूच ठोकतो. दुखलं की सांगा."

माझ्यावर ठोकलं. जीव कळवळला माझा!

"ओके सर," तात्याराव म्हणाले.

शेजारणीवर ठोकलं.

"ओके सर."

"असं कसं चालेल, तात्याजी? खात्री नसताना नस काढायला मी कुठलीच दाढ उघडणार नाही."

"तर दोन्ही उपटून टाका ना भिया! नस काढली की डोळा जातो, सब यही बोलते हैं." इंदुरात डॉक्टरही भिया, म्हणजे भाऊच.

मला त्यांचा भयंकर राग आला. बासष्ट वर्षांची चाकरी, आणि शेवट असा? मी तिन्ही मुळं घट्ट रोवून बसले.

"आबा, मग जेवणार कशानं?" दीक्षा चिडली. "राइट साइडला तर मैदान साफच आहे! डॉक्टर, परत ठोका. यांच्या तोंडाकडे नका बघू, पायांकडे बघा."

डॉक्टरांनी शेजारणीवर ठोकलं. पाय स्वस्थ. मग माझ्यावर ठोकलं, आणि चपलांमधली दहाही बोटं आखडली.

"आबा?"

तात्यारावांचे डोळे भरून आले. "हां बेटा, दुखतं. बहोत दुखतं."

नातीसमोर ते असं पहिल्यांदाच बोलले. माझा राग तिथेच ओसरला.

"डोळ्याचा याच्याशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "आतली सडलेली नस काढायची, मुळांमधल्या नळ्या साफ करून भरायच्या आणि वर कॅप बसवायची. दाढ तुमचीच राहील. फक्त पहिल्याच दिवशी दुखणं थांबलं, म्हणून पुढचं येणं चुकवू नका."

"नाही चुकवणार," तात्याराव म्हणाले आणि शब्दाला जागले. इंजेक्शनने मी बधिर झाले. केसासारख्या बारीक सुयांनी माझी मुळं आतून घासून निघाली. जरा कुठे कळ आली की तात्याराव हात वर करत आणि डॉक्टर थांबत. तिसऱ्या खेपेला माझ्यावर कॅप चढली. आता मी पुन्हा शेव चावते, तीही लसणाची.

पण मित्रांनो, एक गोष्ट कायमची गेली. माझ्यात आता नस उरली नाही. मला गार कळत नाही, गरम कळत नाही. उद्या कॅपच्या कडेने पुन्हा कीड शिरली, तरी मला ठणकता येणार नाही. मी आपली चावत राहीन, तुटेपर्यंत. म्हणून तुमच्या तोंडात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या फटीत रोज फ्लॉसचा दोरा फिरवा आणि दर सहा महिन्यांनी तिला डॉक्टरांना दाखवून आणा. तिच्या हाकेची वाट पाहू नका. तिला आता हाक मारता येत नाही.