लाल दिव्यावरचा हातगुण

माझा थोरला शिकून शहाणा झाला, असं मी चारचौघांत मिरवत होते. परवा त्यानेच माझं नाक कापलं.

घरच्यांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता. एका कपाटाभोवती ही गर्दी! सगळे इंजिनियर, आणि पुढे थोरला, हात जोडून.

कपाटात एक कार्ड, म्हणजे चिपा जडवलेली पाटी. अणूहून बारीक कण एकमेकांवर आपटतात, त्याची नोंद हे ठेवणार. प्रोग्रामची एक ओळ बदलली, की यंत्र आपणहून सगळं नव्याने जुळवून कार्डावर चालवून बघतं. जमलं तर हिरवा दिवा, फसलं तर लाल. मीठ टाकलं की चव घ्यावी, तसंच. त्या दिवशी लाल होता. दुसऱ्या दिवशी अशी सगळी कार्डं, ते कण आपटतात त्या जमिनीखालच्या बोगद्यात जायची, मग वर्षानुवर्षं हात लावायची सोय नाही. सूनबाईही तिथलीच इंजिनियर, तिची सारी मेहनत त्यांत, आणि ती पाठवायची की नाही, हे थोरल्याने ठरवायचं.

"दादांना बोलवा," तो म्हणाला.

दादा तिथले जुनेजाणते. आले, बाह्या सरसावल्या, कपाटाचं दार सताड उघडलं आणि कार्डावर तळहात धरला. "कार्डाला विश्वास लागतो, पोरांनो! संशय आला की इलेक्ट्रॉन बिथरतात." प्रवचन चांगलं लांबलं. मग पुन्हा चाचणी. हिरवा! टाळ्याच टाळ्या.

"बघितलंस आई? हातगुण!"

"इलेक्ट्रॉनला कान असतात होय रे?"

सूनबाई गालात हसली. "दादा, आता दार लावते. बाहेरून हात ठेवा."

दादांनी हात ठेवला, वर डोळेही मिटले. थोड्या वेळाने चाचणी लावली. लाल.

"आता दार उघडं ठेवते. तुम्ही जरा चहा सांगून या."

दादा गेले. थोड्या वेळाने पुन्हा चाचणी. हिरवा!

"कार्ड तापलं की आतले संकेत उशिरा पोचतात," सूनबाई म्हणाली. "दार उघडलं की वारा लागून ते निवतं, एवढंच. चूक आपल्या जुळणीत आहे. बोगद्यात दार उघडायला दादा कुठून आणायचे?"

"पण इतक्यांदा हिरवा आला होता!" थोरला म्हणाला.

"आणि लाल?" मी विचारलं.

तो चाचरला. "लाल आला की... पुन्हा चालवायचो. हिरवा येईपर्यंत."

तेवढ्यात दादा चहा घेऊन आले. फक्कड होता, हातगुण असलाच तर तिथे. थोरला कपाळ पुसत पुटपुटला, "आई, उद्या कार्डं गेली नाहीत तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! लागला तो चमत्कार, हुकला तो विसरायचा, यावरच साऱ्या भोंदूंची दुकानं चालतात. कार्डं थांबव. आणि यापुढे दिवा लाल झाला, तर हात जोडायचे नाहीत. कुठं दुखतंय, ते त्याला विचारायचं."