मुनीमजींच्या चौकशा

"एवढ्या सुया विकल्या जातात, मग कपाटात सुई ठेवायला जागा का नाही?" सासरे शिलाई मशीनच्या पोटात डोकं खुपसून पुटपुटले. प्रश्न मशीनला होता. पण दोन हातांवर संगणकापुढे सून बसली होती. तिने ऐकूच न आल्यासारखं करत माऊस उगाच गोल गोल फिरवला.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं, पंचेचाळीस वर्षांचं. सासऱ्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन पुन्हा कुरकुरत नसे, आणि खरी पंचाईत तीच होती. न बिघडणाऱ्या मशीनचं गिऱ्हाईक परत कशाला येईल? त्यात हल्ली बटण तुटलं तर लोक शर्टच बदलतात. महिन्याला जेमतेम पाच-सहा दुरुस्त्या, त्यांचे पैसेही फोनवरून यायचे. गल्ल्यात उरली होती फक्त बटणं. पण सासूबाई गेल्यापासून सासरे सकाळी अंथरुणातून उठत होते ते या दुकानासाठी, असं घरातल्या प्रत्येकाचं मत होतं. म्हणून घरात बाकी सगळं बोललं जाई, दुकान चालत नाही एवढं सोडून.

हिशेब सुनेकडे. दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात भाडंच निघेना. तेव्हा तिने आपल्या शिकवणीच्या पैशांतले तीन हजार बँकेच्या भरणा मशीनमध्ये आपलं कार्ड घालून गुपचूप दुकानाच्या खात्यात टाकले आणि हिशेबात लिहिलं: रोखीची विक्री, सुया. एकदा पचलं, मग सवयच लागली. दर महिन्याला खात्यात आणखीही रोख पडलेली दिसे. असेल कुणी जुनं गिऱ्हाईक, म्हणून ती रक्कमही सून सुयांतच ढकलून देई. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नव्हती. हिशेबात सुया विकल्या की साठ्यातून कमी होतात, आणि साठा कमी दिसला की सासरे नव्या मागवतात. मग त्या नव्या सुयांचं बिल भागवायला तिला पुढच्या महिन्यात आणखी सुया विकाव्या लागत.

अशात गेल्या महिन्यात नणंदेने दुकानाला यंत्र भेट दिलं. म्हणजे दिसायला काही नाही, संगणकातच बसणारं. नणंद एका दवाखान्याचे हिशेब बघायची, तिथे तिने ते पाहिलं होतं. बँकेत जमा झालेली प्रत्येक रक्कम हे यंत्र आपणहून उचलतं, बिलाशी जुळवतं आणि हिशेबात नोंदवतं. ओळख पटली नाही तर विचारतं. घरात त्याचं नाव पडलं मुनीमजी. दर एक तारखेला अकरा वाजता मुनीमजी मालकाच्या फोनवर अहवाल पाठवणार होते.

आज एक तारीख होती, आणि अकराला वीस मिनिटं कमी.

"वहिनी, मुनीमजी अडलेत," नणंद स्टूल ओढत म्हणाली. पडद्यावर ओळ होती: बिलाशिवाय रोख भरणा, चार कार्डांवरून, दर महिन्याला. नावे द्या.

"किरकोळ ग्राहक लिही," सून हळूच म्हणाली.

"लिहिलं. घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, किरकोळ ग्राहक दर महिन्याच्या पाच तारखेलाच कसा येईल?"

"फार शहाणे आहेत."

"तुलाच हिशेबाला चोख माणूस हवा होता."

"तो अहवाल तरी थांबव. बाबांनी बघितला तर—"

"काय खुसफुस आहे?" मशीनच्या पोटातून आवाज आला. "मोठ्याने वाचा की. दुकान माझंच आहे."

नणंदेने सुनेकडे पाहिलं. सुनेने छताकडे.

"कार्डांचे शेवटचे आकडे आहेत, बाबा. पहिलं, चव्वेचाळीस सतरा."

ते सुनेचं. "पुढचं वाच," ती म्हणाली.

"वीस शहाऐंशी."

हे तिच्या नवऱ्याचं होतं. किराणा आणताना ती तेच वापरायची. तरीच स्वारीला वर्षभर नवे बूट घ्यायला सवड होत नव्हती.

"त्र्याण्णव..." नणंद थबकली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पुढचं नीट दिसत नाही."

"मोठं करून बघ."

"मोठं केलं तरी दिसणार नाही, वहिनी. राहू दे."

सुनेच्या ओठांवर हसू आलंच. सख्खी बहीण, सख्खा भाऊ, आणि ती स्वतः परक्या घरून आलेली. तिघं एकाच मशीनमध्ये पैसे भरत होते, फक्त एकमेकांची पाठ वळल्यावर.

"आणि चौथं?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकसष्ट शून्य दोन."

हे दोघींच्याही ओळखीचं नव्हतं. सुनेचा जीव हरखला. "म्हणजे एक तरी गिऱ्हाईक खरं," ती नणंदेच्या कानात म्हणाली.

सासऱ्यांनी डोकं बाहेर काढलं. हाताचं तेल फडक्याला पुसलं, चष्म्याची डबी उघडली आणि भिंगांच्या फडक्याखालून एक कार्ड काढून संगणकासमोर ठेवलं. एकसष्ट शून्य दोन.

"बाबा, या खात्यात तर तुमच्या नव्या कवळीचे पैसे होते," नणंद म्हणाली.

"जुनीने पोळी तुटते अजून."

"पण कशासाठी?"

"सूनबाई इतक्या हौसेने हिशेब लिहिते. खात्यात काहीच नाही असं दिसलं असतं, तर तिचं मन मोडलं असतं."

सून काही बोलणार होती, पण तेवढ्यात सासऱ्यांनी कपाटाचं दार उघडलं. सुयांची पाकिटं घसरत खाली आली, आणि बराच वेळ येतच राहिली. त्यातलं एक सासऱ्यांनी उचललं, फाडलं, सुई मशीनला बसवली आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. चिंधीवर त्यांनी सरळ टीप मारली. मशीन लोण्यासारखं चाललं.

खिशातला फोन वाजला. अकरा वाजले होते. त्यांनी तो काढूनही पाहिला नाही. दोरा दातांनी तोडायला गेले, कवळी आठवली, आणि कात्री घेतली.

"दुकान चालत नाही," ते म्हणाले. "बंद करू या."