बारीक अक्षरांतली नावं

सुलभाताई जूनमध्ये अमेरिकेच्या नागरिक झाल्या, तेव्हा त्यांना एकाहत्तरावं लागलं होतं. अमरावतीच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. आता त्या बेलव्ह्यूला मुलीकडे, रेणूकडे राहत होत्या आणि नोव्हेंबरमध्ये इथलं पहिलं मत देणार होत्या.

मतपत्रिकेवर एक प्रश्न होता: कार्बन सोडणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून टनामागे शुल्क घ्यावं का? ऑक्टोबर लागला तशी रोज दोन-दोन चकचकीत कार्डं टपालात येऊ लागली. पेट्रोल भरताना चिंतेत पडलेली एक आजी, आणि खाली ठळक अक्षरांत, 'नाही म्हणा.'

"आई, जंक मेल आहे ते. रिसायकलमध्ये टाक," रेणू म्हणाली.

पण सुलभाताईंना छापलेलं सगळं वाचायची सवय. कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जाहिरातीला पैसे देणाऱ्यांची पाच नावं होती. त्यांनी भिंग लावलं. पाचही तेल कंपन्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी कार्ड आणि भिंग घेऊन त्या सकाळच्या फेरीला गेल्या. सोसायटीतले दहा-अकरा ज्येष्ठ रोज बरोबर चालायचे. त्यांतले मोरेश्वरकाका 'नाही'वर ठाम होते. मुलाच्या गाडीचं पेट्रोल महागेल, एवढंच त्यांचं म्हणणं.

"महागेल थोडं, ते मी नाकारत नाही," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही फक्त हे वाचा."

काकांनी बाकावर बसून पाचही नावं मोठ्याने वाचली. मग भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे माझे चार पैसे वाचावेत म्हणून या लोकांनी एवढा पैसा घातला? माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा माझी इतकी काळजी केली नाही हो."

सगळे इतके हसले, की पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

रविवारी सगळे टपालाने घरी आलेल्या मतपत्रिका घेऊन रेणूकडे जमले. एकेका कलमावर वाद झाला, दोनदा पोहे झाले, प्रत्येकाने आपापलं मत गुपचूप नोंदवलं आणि पाकिटावर सही केली. मग अख्खी वरात लायब्ररीबाहेरच्या मतपेटीपर्यंत चालत गेली. सुलभाताईंनी आपलं पाकीट आत सोडलं.

राज्यात प्रस्ताव पडला. रेणूने बातमी जरा भीतभीतच सांगितली.

"माझं मत मोजलं ना?"

रेणूने वेबसाइट उघडून दाखवलं. मोजलं होतं.

तीन आठवड्यांनी वॉर्डवार आकडे आले. त्यांच्या वॉर्डात 'हो' नऊ मतांनी पुढे होतं. सुलभाताईंनी लगेच मोरेश्वरकाकांना फोन लावला.

"नऊ?" काका म्हणाले. "मी पलटलो नसतो तर सातच झाली असती बरं का. आणि ऐका, फेब्रुवारीत शाळांच्या निधीचं मतदान आहे. तेव्हाचा रविवार आमच्याकडे. मी उपमा करतो."

"तुम्हाला येतो?"

"शिकेन की. दोन-अडीच महिने आहेत."

सुलभाताई हसतच फोन ठेवून कॅलेंडरपाशी गेल्या.